मेनूकार्डातील 'आपण'

मागील महिन्यात भांडुप पश्चिमेच्या एका सभागृहाच्या कचेरीत, आमच्या स्नेह्यांच्या मुलीच्या स्वागतसमारंभाचे जेवण ठरत असताना आम्ही उपस्थित होतो. कुटुंब मूळचे सिंधुदुर्गातले. टेंभीपाड्यात दोन पिढ्या गेलेल्या. केटररने पुढे सरकवलेली यादी अशी: पनीर मखनी, व्हेज कोल्हापुरी, व्हेज मराठा, हाका नूडल्स, मंचुरियन, पास्त्याचा 'लाइव्ह काउंटर', चाट, आइस्क्रीम. वाचन संपल्यावर नवरीच्या आजींनी एकच प्रश्न विचारला, "ह्येच्यात आमचा काय आसा?" कोणीच उत्तर दिले नाही. आम्हीही दिले नाही. प्रस्तुत लेखन ही त्या मौनाची उशिरा केलेली भरपाई आहे.

यादी हा एक पाठ आहे असे मानले तर तो काय सांगतो? 'व्हेज कोल्हापुरी' हा शब्दप्रयोगच घ्या. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या शहराचे नाव तेथील मटण वगळून फ्लॉवर-गाजराच्या भाजीला दिले गेले. 'व्हेज मराठा'चेही तेच. विशेषण उरले, विशेष्य हद्दपार झाले. ज्या समाजांचे अन्न ताटातून उठवले, त्यांचीच नावे मसाल्यासारखी वर भुरभुरवली. आणि यादीच्या माथ्यावर ठळक अक्षरे: 'शुद्ध शाकाहारी'. नुसते 'शाकाहारी' म्हटले असते तर तो एक आहार झाला असता. 'शुद्ध' जोडले की उरलेले सगळे अशुद्ध ठरते. भाषेच्या अभ्यासकांना हे एका विशेषणाचे राजकारण निराळे समजावून सांगण्याची गरज नसावी.

यावर घाईने कोणी म्हणेल की हा मांसाहाराचा कैवार आहे. तसे नाही. मालवणी मुलखात अनेक घरी लग्नाच्या दिवसाचे जेवण शाकाहारीच असते. काळ्या वाटाण्याचे सांबारे, वडे, भात, गोड पदार्थ. आजी कोंबडी मागत नव्हत्या. त्या मागत होत्या ते सांबारे. आणि तेही यादीत नव्हते! म्हणजे वगळणूक मांसाची नव्हे, मुलखाची आहे. 'शुद्ध' या शब्दाच्या कसोटीला पूर्ण उतरणारे अन्नसुद्धा केवळ गावाकडचे म्हणून बाद झाले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जुन्या पंगतीचे हे स्मरणरंजन तर नव्हे? पंगतीत पंक्तिभेद होता. कोण कोठे बसणार, कोणाला शेवटी वाढायचे, कोणी उष्टे उचलायचे, हे जातच ठरवीत असे. ती पंगत आम्हाला परत नको. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' (२०१५) या पुस्तकाने मराठवाड्यातील दलितांच्या स्वयंपाकाची नोंद केली, तेव्हा मराठी खाद्यलेखनातून केवढा समाज गैरहजर होता हे ध्यानात आले. पण बुफेने पंक्तिभेद मिटवला, हा समजही भाबडा आहे. त्याने भेद ताटातून उचलून यादीत नेला. पूर्वी माणसे पंगतीबाहेर बसत, आता त्यांचे अन्न बाहेर बसते. माणसाला आत घेतले, परंतु आपली चव दाराशी ठेवून ये, या अटीवर.

आमचा रोख केटररवर नाही. तो मागणी असेल ते शिजवतो. आमचा रोख आमच्यावर, म्हणजे आपल्या सर्वांवर आहे. भालचंद्र नेमाड्यांच्या देशीवादावर चर्चासत्रांत निबंध वाचायचे, बोलीभाषांच्या ऱ्हासाबद्दल विद्यार्थ्यांपुढे गहिवरायचे, आणि घरच्या कार्यात 'लोक काय म्हणतील' म्हणून पनीरवर खूण करायची, हा आपला नित्याचा आचार आहे. पाहुण्यांना हेच आवडते, असे सांगितले जाते. भांडुपच्या त्या समारंभाला येणारे निम्म्याहून अधिक पाहुणे कोकणातलेच होते! त्यांना सांबारे आवडले नसते, हे कोणी ठरवले? प्रत्येक जण दुसऱ्याच्या कल्पित नजरेला भिऊन आपले ताट बदलतो. मालवणी बोलीचेही असेच झाले: घरात बोलायची, चारचौघांत गिळायची.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच की, यादीत पनीर खुशाल असावे. मंचुरियनही असावे, ते तरी या मुंबईचेच अपत्य मानले जाते. परंतु ज्या घरचे कार्य आहे त्या घरचा निदान एक पदार्थ, त्याच्या स्वतःच्या नावाने, त्या मेजावर असलाच पाहिजे. हा हट्ट यजमानाने धरायचा असतो. तो केटरर धरणार नाही.

त्या दिवशी यादी होती तशीच कायम झाली. समारंभाच्या दुसऱ्या दिवशी आजींनी घरी काळे वाटाणे शिजवले, आणि आम्ही सगळे दार लोटून घेऊन ते चाटूनपुसून खाल्ले. आमची तक्रार त्या लोटलेल्या दाराविषयी आहे.