गाव वेशीबाहेरून पाहा!

घानातल्या खेड्यांत परदेशी पाहुणे 'पारंपरिक जीवन' अनुभवायला जातात. गावप्रमुखाला भेटतात, उखळात फुफू कुटतात, ढोलावर नाचतात आणि 'किती निर्मळ जीवन!' म्हणत परततात.

आम्हाला ही भाषा ओळखीची आहे. आपल्याकडेही खेड्याचे असेच गोडवे गायले गेले. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांचा बुरखा फाडला.

त्याच घानाच्या उत्तरेत, गांबागाला, चेटकीण ठरवून गावाने हाकललेल्या बाया राहतात. व्होल्टा भागात मुली देवस्थानाला वाहिल्या जात. त्या ट्रोकोसी प्रथेविरुद्ध १९९८ साली कायदा करावा लागला. आपली देवदासी आठवा. हीसुद्धा परंपराच ना?

घानाच्या माणसांचा पाहुणचार खरा आहे, त्याचा आम्हाला आदर आहे. पण गाव कसे आहे, हे पाहुण्याने सांगायचे की गावाने बाहेर काढलेल्यांनी?

जय भीम!