मजुराचा पाय आणि आरोग्याचे अर्थकारण

मधुमेह हा शहरी सुखवस्तूंचा रोग, ही समजूत आता टाकून दिली पाहिजे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींवर मधुमेही आहेत. यवतमाळसारख्या कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यात याचा अर्थ निराळा होतो. दीर्घकाळ वाढलेल्या साखरेने सूक्ष्म रक्तवाहिन्या व मज्जातंतू निकामी होऊ लागतात. मग अनवाणी पायात तुरीचे धसकट रुतले तरी वेदना जाणवत नाही, जखम चिघळते आणि प्रसंगी पाय कापावा लागतो. शस्त्रक्रियेचा खर्च शासकीय योजनेतून निघेलही. परंतु पाय हेच ज्याचे भांडवल, त्या मजुराची भरपाई कोण करणार? १० ग्रॅम दाबाच्या साध्या नायलॉन तंतूने पायाची संवेदना तपासता येते. ही तपासणी व योग्य पादत्राणे गावाजवळच मिळणे, हीच खरी काटकसर होय.