कागदावरची कमाई
पोटगीच्या दाव्यात बाप अनेकदा सांगतो, नोकरी सुटली. कागदावर कमाई शून्य. दारातल्या नव्या गाडीचा हप्ता मात्र दरमहा वेळेवर जातो. मग न्यायालयाने राहणीमानावरून उत्पन्नाचा अंदाज बांधायचा नाही, तर काय करायचं? नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून पुढे गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये दोन्ही पक्षांना मालमत्ता, कर्जं, खर्च यांचं प्रतिज्ञापत्र सक्तीचं केलं. २०२२ मध्ये बजावलं, की धडधाकट नवऱ्याने अंगमेहनत करूनही बायकामुलांना पोसलंच पाहिजे. अगदी रास्त! पण काम खरोखरच गेलेल्यावर असा चढा अंदाज बसला, की नुसती थकबाकी साचते, पोराची फी तशीच राहते. त्याने गप्प न बसता रक्कम बदलून मागावी. कायद्यात ती सोय आहे.