सरवा आणि उष्टं

मंडळी, माझी भाची जर्मनीत असते. परवा फोनवर तिच्याकडून एक नवा शब्द कळला, 'फ्रीगन'. हे लोक म्हणे शक्यतो काही विकत घेत नाहीत. दुकानांनी फेकलेलं पण खाण्याजोगं अन्न कचऱ्याच्या पेट्यांतून काढून आणतात आणि खातात. उपाशी म्हणून नव्हे, नासाडीचा निषेध म्हणून! २०१८ मध्ये म्युनिकजवळच्या ओल्शिंग गावात दोन विद्यार्थिनींनी सुपरमार्केटच्या पेटीतून असंच अन्न काढलं. कोर्टात ती चोरी ठरली. शिक्षा काय, तर ८ तास समाजसेवा, तीही गरजूंना अन्न वाटणाऱ्या संस्थेत. २०२० मध्ये तिथल्या घटना न्यायालयानेही हा निकाल फिरवला नाही. आता बोला!

भाची म्हणाली, "मावशी, तुमच्या लोणावळ्यात हे सुरू करायला हवं."

तिचं म्हणणं अगदीच चूक नाही. शनिवार-रविवारी लोणावळ्याचे बंगले भरतात आणि सोमवारी सकाळी फाटकाबाहेर बिर्याणी, पनीर, पावाच्या लाद्या पडलेल्या असतात. घंटागाडी यायच्या आधी माकडं आणि कुत्री पोचलेली असतात. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून. भारतात घरातली नासाडी माणशी वर्षाला ५५ किलो धरली आहे. १९६५ साली शास्त्रीजींच्या सांगण्यावरून सोमवारी रात्री चूल बंद ठेवणारी आणि ७२ च्या दुष्काळातला लाल मिलो खाल्लेली आमची पिढी. आमच्या घशाखाली हे आकडे उतरत नाहीत.

तरीही कचरापेटीतून अन्न काढणं आपल्याकडे चळवळ म्हणून यावं असं मला वाटत नाही. कारण आपल्याकडे ते आधीपासून आहे, आणि ते हौसेचं नाही. एका जातीने जेवायचं आणि दुसरीने त्याचं उष्टं न्यायचं, ही आपल्या गावगाड्याची रीतच होती. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना निक्षून सांगितलं की शिळेपाके तुकडे घेणं सोडा. पोटापेक्षा मान मोठा, हे त्यामागचं सांगणं. बर्लिनच्या पोराला पेटीत वाकताना लाज वाटत नाही, कारण त्याच्या आजोबांना कुणी वाकायला लावलं नव्हतं.

म्हणून अन्न वाचवताना ते कोणाच्या पदरात टाकतो, हे बघावं लागतं. गेल्या वर्षी आमच्या मावळातल्या एका कार्यालयातून दुपारच्या पंगतीचा मसालेभात रात्री दहा वाजता एका कातकरी वाडीवर पोचवला गेला. पोचवणाऱ्यांनी फोटोही काढले. पहाटे दोन-तीन पोरांना उलट्या सुरू झाल्या. भातात काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात तासन् तास कोमट राहिला की ते वाढून विष तयार करतात, आणि पुन्हा गरम केलं तरी ते विष जात नाही. पोरं सुदैवाने बरी झाली. पण त्या वाडीवरची माझी एक जुनी विद्यार्थिनी मला म्हणाली, "बाई, त्यांना टाकायचंच होतं. उकिरड्यावर टाकण्याऐवजी आमच्या दारात टाकलं." यावर मी काय बोलणार?

मग वाचवायचं कसं? उत्तर आपल्याच भाषेत आहे असं मला वाटतं. सरवा! हल्लीच्या मुलांना हा शब्द माहीत नसेल. कापणी झाल्यावर शेतात पडून राहिलेल्या लोंब्या, शेंगा वेचून नेणं म्हणजे सरवा वेचणं. आमच्या मावळात भात कापून झालं की बायका ओटीत लोंब्या गोळा करायच्या. मालक हटकत नसे. मिले या फ्रेंच चित्रकाराचं १८५७ चं एक प्रसिद्ध चित्र आहे, त्यात तीन बायका वाकून हेच करताना दिसतात. सरवा वेचणारी कुणाकडे हात पसरत नाही. ती कष्टाने वेचते आणि जे वेचते ते स्वच्छ असतं, कुणाच्या ताटातलं नसतं.

तर माझं मत असं, की उष्टं आणि उरलेलं यांत फरक करायला शिकूया. ताटात टाकलेलं ते उष्टं. त्याचं खत करा, कुणाला देऊ नका. पातेल्यात राहिलेलं ते उरलेलं, आणि ते गरम असतानाच, पंगत उठायच्या आधी वेगळं काढायला हवं. मुंबईच्या डबेवाल्यांनी २०१५ मध्ये रोटी बँक सुरू केली ती याच उरलेल्या अन्नासाठी. फ्रान्सने २०१६ मध्ये कायदाच करून मोठ्या दुकानांना खाण्याजोगं अन्न नासवायला बंदी केली. आपल्याकडेही उरलेलं अन्न कसं गोळा करावं आणि वाटावं, याचे सरकारी नियम २०१९ मध्ये झाले आहेत. कार्यालयाच्या भिंतीवर मात्र ते मला अजून दिसलेले नाहीत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, वाचवलेलं अन्न आधी आपण खावं. कार्य आपल्या घरचं असेल तर उरलेल्या भाताचा पहिला डबा यजमानाच्या घरी जावा, दुसरा व्याह्यांकडे, तिसरा वाढप्यांकडे. जे आपल्या नातवाला वाढायला मन धजत नाही, ते वाडीवरच्या पोराला कसं चालेल? ही कसोटी लावली की निम्मे प्रश्न सुटतात. उरलेले निम्मे आचाऱ्याला आकडा सांगताना सुटतील. पाचशे पानं असताना "सातशे धरा, कमी पडायला नको" हे आपणच सांगतो ना?

नातेवाईक मंडळींसाठी खास सूचना. तुळशीचं लग्न झालं की आपल्या घरात या वर्षी दोन कार्यं आहेत. मी येताना दोन रिकामे डबे घेऊन येणार आहे आणि सगळ्यांदेखत भरून नेणार आहे. कुणाला संकोच वाटला तर वाटो. तुम्हीही आणा.

आणि ब्लॉगवाल्यांनो, तुमच्या भागात सरव्याला काय म्हणतात, ते जरूर कळवा.