नंदू भेंडे कोण बे?

अमरावती-अकोल्यात इलेक्ट्रिक गिटार घेतलेल्या पोराला दोन वाक्यं हमखास ऐकावी लागतात. पहिलं, "हे आपलं नाही बे, ख्रिश्चन लोकायचं हाय." दुसरं जरा वाचणाऱ्या माणसाचं असतं, "मराठीत रॉक झालाच नाही." मला दुसऱ्याची जास्त चीड येते. पहिल्या माणसाला माहिती नसते, दुसऱ्याने शोधायची तसदी घेतलेली नसते.

नंदू भेंडे हे नाव शोधा. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा हा मुलगा, म्हणजे मराठी नाटकाच्या घरातला. सत्तरच्या दशकात तो मुंबईत वेल्वेट फॉगसारख्या बँडमधून इंग्रजी रॉक गायचा. १९७४ मध्ये अलेक पदमसींनी 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' मुंबईत उभं केलं, त्यात तो जुडास झाला. येशूचे शेवटचे दिवस, पण इलेक्ट्रिक गिटारवर. आणि या ऑपेरात सगळ्यात अवघड गाणी जुडासचीच आहेत. पहिली शंका तो गातो, भांडतोही तोच.

चार वर्षांनी पुलंनी ब्रेख्तच्या 'थ्रीपेनी ऑपेरा'वरून 'तीन पैशाचा तमाशा' लिहिलं आणि जब्बार पटेलांनी ते पुण्याच्या थिएटर अकॅडमीसाठी बसवलं. नंदू भेंडे त्यातही होता, तोच रॉकचा गळा घेऊन. नाट्यसंगीत, लावणी आणि रॉक एकाच मराठी रंगमंचावर, १९७८ साली! आज या नाटकाचा विषय निघाला की पुलं येतात, जब्बार येतात, ब्रेख्त तर येतोच. गिटारवाला मात्र "तो एक प्रयोग होता" या वाक्यात संपतो. २०१४ मध्ये तो गेला. माझ्या वयाच्या किती जणांना त्याचं नाव माहीत आहे?

आता "ख्रिश्चन लोकायचं". म्हणजे ते लोक इथले नाहीत? नारायण वामन टिळकांच्या हाती बायबल पडलं ते नागपूरहून राजनांदगावला जाताना, रेल्वेच्या डब्यात. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ओवी, अभंग, कीर्तन सगळं चर्चमध्ये नेलं. अकोल्यात अमेरिकन अलायन्स मिशन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आहे. तिथल्या चर्चमधली माणसं घरी तुमच्या-माझ्यासारखीच वऱ्हाडी बोलतात.

"त्यांच्या रक्तातच संगीत असतं" हे कौतुकही मला पटत नाही. रक्तात काही नसतं. दर रविवारी वाजवायला जागा असते, वाद्य असतं, समोर माणसं असतात, आणि चुकलं तरी पुढच्या रविवारी परत बोलावतात. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत तर पोरांना नोटेशन वाचायला शिकवत. बँड अशा ठिकाणी तयार होतात. आपल्याकडे हेच काम भजनी मंडळ करतं. मोझरीला तुकडोजी महाराजांच्या खंजिरीवर अख्खा जिल्हा डोलला, आणि ड्रमरच्या शेजारी उभा राहून कोणी टॅम्बुरिन वाजवतो ती खंजिरीचीच बहीण आहे. चामडं आणि झांजा, दुसरं काय? पण एक आपली आणि दुसरी परकी, हे ठरवलं कोणी?

यंदाच्या गॅदरिंगला लिंकिन पार्क बसवा, माझी ना नाही. सोबत 'तीन पैशाचा तमाशा'तलं एक गाणं बसवा, आणि माइकवर गाणाऱ्याचं नाव सांगा.