वाकडा दुधी आणि क्यूआर कोड

परवा उपासना संपल्यावर आमच्या चर्चच्या सेक्रेटरींनी जाहीर केलं की पुढच्या रविवारी सगळ्यांनी अर्धा तास थांबावं, हंगामाच्या सणाबद्दल मीटिंग आहे. यंदा वस्तूंचा लिलाव बंद करायचा, त्याऐवजी पाकिटं वाटायची आणि दाराशी क्यूआर कोड लावायचा, असा प्रस्ताव आहे. मला मीटिंगमध्ये नीट बोलता येत नाही. मोठ्या आवाजाचे दोघं-तिघं आधी बोलतात आणि माझी पाळी येईपर्यंत लोकांना जेवणाची आठवण झालेली असते. म्हणून जे म्हणायचंय ते इथेच लिहून काढतो. आमच्या मंडळीतले चार-दोन जण (आणि नगरची आत्या) इथलं वाचतात हे मला ठाऊक आहे. आत्या, सलाम. पूर्ण वाच आणि मगच फोन कर.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पाऊस सरला, खरिपाचं पीक घरात आलं की आमच्या मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये एक रविवार देवाचे उपकार मानायला ठेवतात. कोणी त्याला हंगामाचा सण म्हणतं, कोणी उपकारस्तुतीचा, आणि पोरं सरळ 'हार्वेस्ट' म्हणतात. आमच्याकडे दिवाळीची गडबड ओसरली की तो येतो. वेदीच्या दोन्ही बाजूंना उसाची कमान, झेंडूची तोरणं, आणि पुढे प्रत्येक घरानं आणलेलं काही ना काही. बाजरी, कोंबडी, अंडी, भोपळा, लोणच्याची बरणी. उपासना झाली की सगळ्याचा लिलाव होतो, पैसा मंडळीच्या कामाला जातो आणि मग प्रीतिभोजन. वसईकडच्या कॅथलिक लोकांत आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन गावठाणांत याच दिवसांत 'आगेरा' असतो, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी. तिथे नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादित करतात. माझ्या मामेबहिणीचं सासर तिकडचं. ती म्हणते, तुमच्याकडे लिलावाचाच उत्साह जास्त. खोटं नाही ते.

खरं तर पाऊस गेला की आमचं चर्च जागं होतं. गळके पत्रे बदलायचे, जळमटं काढायची, शब्बाथशाळेच्या पोरांच्या पाठांतराच्या स्पर्धा, दिवाळीत शेजाऱ्यांकडून आलेली फराळाची ताटं रिकामी परत करायची नाहीत म्हणून बायकांची धावपळ, आणि नोव्हेंबर लागला की नाताळच्या गाण्यांची तालीम. पण या सगळ्यात मला आवडते ती सणाच्या आदली, शनिवारची रात्र. चर्चच्या मागच्या शेडमध्ये सतरंजी टाकून पंधरा-वीस जण लसूण सोलत बसतात. वर्षभर एकमेकांशी न बोलणारे दोघं एकाच परातीत कांदे चिरत असले की डोळ्यांतून पाणी येतंच, आणि मग कोणाचं कशामुळे आलं हे विचारायची गरज राहत नाही. पाळकसाहेबांच्या प्रवचनापेक्षा तिथे जास्त भांडणं मिटलेली मी पाहिली आहेत. (पाळकसाहेब, माफ करा.)

असो. मुद्दा लिलावाचा.

आमची मंडळी पुण्याच्या कडेला, चाळीस-पंचेचाळीस घरांची. बहुतेक सगळे नगर, नेवासा, शेवगाव, जालना भागातून आलेले. कोणी कारखान्यात, कोणी दवाखान्यात नर्स, कोणी शाळेत. शेत कोणाच्याच घरी नाही. त्यामुळे हंगामाच्या सणाला येतं काय, तर मार्केट यार्डातून आणलेले नारळ, सफरचंदांची पेटी, बिस्किटांचे पुडे, साबणाच्या वड्या. एका वर्षी प्रेशर कुकर आला होता. कमिटीचं म्हणणं असं की बाजारातून विकत आणलेली वस्तू चर्चमध्ये पुन्हा विकत घ्यायची यात काही अर्थ नाही, त्यापेक्षा सरळ पैसे द्या, हिशोबही स्वच्छ राहील. शिवाय लिलावात ज्यांच्याकडे कमी आहे त्यांचा अपमान होतो.

या शेवटच्या मुद्द्यावर मला तोंड वर करून बोलता येत नाही. कारण गेल्या वर्षी तो अपमान झाला तेव्हा मी पुढच्या रांगेत होतो.

झालं असं की एका नारळावर माझी आणि माझ्या एका जुन्या मित्राची चढाओढ लागली. पाचशे, हजार, दीड हजार. लोक टाळ्या वाजवायला लागले. शेवटी तो नारळ मी साडेतीन हजाराला घेतला. माइकवर नाव पुकारलं, फोटो काढला, संध्याकाळपर्यंत तो ग्रुपवर फिरला. आणि नारळानंतर लगेच लिलावाला आला एक दुधी. पार वाकडा, प्रश्नचिन्हासारखा. लिलाव पुकारणारा पोरगा चांगला आहे, गमत्या आहे. तो म्हणाला, "आधी हा कुठून कापायचा ते ठरवा, मग बोली बोला." सगळे हसले. मीही हसलो. कोणीतरी वीस रुपये म्हटलं आणि दुधी गेला.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "तो दुधी मागच्या रांगेतल्या मावशींचा होता. तुम्ही हसलात तेव्हा त्या तुमच्याकडेच बघत होत्या."

या मावशी दोन-तीन घरची धुणीभांडी करतात. एका खोलीचं घर, वर पत्रा. दाराशी तेलाच्या डब्यात वेल लावलाय, तो पत्र्यावर चढवलाय. पत्र्याच्या कडेला अडकून वाढला म्हणून दुधी वाकडा. पुढचे चार रविवार मावशी चर्चला आल्या नाहीत. तब्येतीचं कारण सांगितलं. आम्ही मानलं. मानणं सोयीचं होतं.

नंतर कधीतरी, बसमध्ये असताना, माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या दिवशी वेदीसमोर जे काही मांडलं होतं त्यात आणणाऱ्यानं स्वतः पिकवलेली वस्तू बहुधा तेवढी एकच होती. आमच्या अख्ख्या हंगामाच्या सणात हंगाम म्हणावा असा तो एक दुधी, आणि आम्ही त्यालाच हसलो.

माझी आजी नेवाशाजवळच्या एका खेड्यातली. आमच्या घराण्याच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती. नगर भागात अमेरिकन मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं. पुढे १८७६-७८च्या मोठ्या दुष्काळानंतर आसपासच्या खेड्यांतली पुष्कळ कुटुंबं ख्रिस्ती झाली. बहुतेक महार आणि मांग समाजातली, म्हणजे शेत दुसऱ्याचं आणि राबणं आपलं. आता गंमत बघा. आज चर्चमध्ये हा सण ज्या रूपात होतो त्याची सुरुवात इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या मोरवेनस्टो गावी, रॉबर्ट हॉकर नावाच्या पाळकानं केली असं सांगतात. १ ऑक्टोबर १८४३ला त्यानं नव्या गव्हाची भाकर करून प्रभुभोजनाला लोकांना बोलावलं. शेतकऱ्यांचा सण तो. आणि आमच्याकडे तो आला अशा लोकांत, ज्यांच्याकडे शेतच नव्हतं.

मग आजी काय न्यायची? बाजरीची कापणी झाली, कणसं खळ्यावर गेली की मालकाला विचारून ती रानात जायची आणि राहिलेली कणसं वेचायची. भुईमूग निघाला की खुरप्यानं माती उकरून राहिलेल्या शेंगा काढायची. त्याला आमच्याकडे सरवा म्हणतात. हाच शब्द मराठी बायबलात रूथच्या गोष्टीत आहे. ती परक्या देशातली विधवा बवाजाच्या शेतात सरवा वेचायला जाते. लहानपणी मला वाटायचं रूथ नेवाशाचीच.

त्या सरव्यातली मापटंभर बाजरी आजी चर्चला न्यायची, धुतलेल्या फडक्यात बांधून. मी सातवी-आठवीत असताना, म्हणजे १९७०च्या दशकाच्या शेवटी, तिच्याबरोबर गेल्याचं आठवतं. लिलाव तिथेही व्हायचा. पण पुकारणारे शाळेचे हेडमास्तर वस्तू कोणाची ते कधी सांगायचे नाहीत. गावात सगळ्यांना सगळं माहीत असायचंच. तरी नाव नाही घ्यायचे. फडक्यातली बाजरी वर धरायचे आणि "बाजरी" एवढंच म्हणायचे, पोत्यातली असो नाहीतर सरव्याची.

बायबलातल्या लेवीय पुस्तकाच्या २३व्या अध्यायात सगळ्या सणांची यादी आहे, कुठला सण कधी आणि कसा पाळायचा. त्या यादीच्या मधेच एक वचन येतं की कापणी करताना शेताच्या कडेपर्यंत कापू नका, सरवा वेचू नका, तो गरिबासाठी आणि उपऱ्यासाठी राहू द्या. सणांच्या यादीत हे कशाला, असं मला नेहमी वाटायचं. आता वाटतं ते तिथेच पाहिजे होतं. आणि बवाज तर आणखी पुढे जातो. गड्यांना सांगतो की पेंढ्यांतली काही कणसं मुद्दाम खाली टाका आणि तिला बोलू नका. द्यायचंच होतं तर पोतं भरून घरी पाठवू शकला असता. पण तिला वेचू दिलं. घरी जाताना ती कोणाचं दान घेऊन नाही, स्वतःची दिवसाची कमाई घेऊन गेली.

म्हणून पाकिटाला माझा विरोध आहे. पाकिटात मावशींचे वीस रुपये हे वीसच रुपये राहतात. कोणी मला विधवेच्या दोन टोल्यांची गोष्ट सांगेल, की प्रभूनं तिचंच दान मोठं मानलं. बरोबर, पण प्रभू तिथे बसून बघत होता. आपल्या क्यूआर कोडकडे खजिनदार बघणार, आणि त्यांना फक्त आकडा दिसणार. मावशींचा फोन बटणांचा आहे, ही आणखी वेगळी गोष्ट. अपमान झाला म्हणून लिलाव बंद करायचा, म्हणजे ज्यांचा अपमान झाला त्यांचीच देण्याची वाट बंद करायची. मिझोरममधल्या प्रेस्बिटेरियन घरांत १९१० सालापासून बायका स्वयंपाकाला बसताना मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात. बुहफाई थाम म्हणतात त्याला. तो तांदूळ गोळा होतो आणि विकलाही जातो. त्यांना कोणी अजून सांगितलेलं दिसत नाही की तांदळापेक्षा क्यूआर सोपा.

पण लिलाव होता तसाच ठेवा असंही मी म्हणणार नाही. नाव पुकारणं बंद करा, देणाऱ्याचंही आणि घेणाऱ्याचंही. बाजारातला नारळ आणू नका. हातानं केलेलं किंवा वाढवलेलं काही असेल तर आणा, कुंडीतली कोथिंबीर चालेल, विणलेला रुमाल चालेल, पापड चालतील. ज्यांच्याकडे फक्त पैसा आहे (माझ्यासारखे) त्यांनी गुपचूप पाकीट टाकावं. आणि भाज्या लिलावात ठेवूच नयेत असं माझं मत आहे. त्या शनिवारी रात्रीच आणाव्यात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाच्या पातेल्यात घालाव्यात. वाकडा दुधी चिरल्यावर सरळच होतो.

खजिनदार म्हणतील, अशानं पैसे कमी जमतील. जमतील. पत्र्याचं बिल लिलावातूनच भागतं हे मलाही माहीत आहे. आणि इथे मला स्वतःबद्दल एक गोष्ट कबूल केली पाहिजे. गेल्या वर्षी लिलावाऐवजी पाकीट असतं तर मी त्यात पाचशे टाकले असते. वरचे तीन हजार टाळ्यांचे होते. यंदा नाव न पुकारता, फोटोशिवाय, माझ्या पाकिटात किती असतील याची मला स्वतःलाच खात्री नाही. बायको म्हणते, आकडा आत्ताच लिहून टाका म्हणजे मागे फिरता येणार नाही. लिहीत नाही. लिहिला की ते पुन्हा नाव पुकारल्यासारखंच होईल.

गेल्या आठवड्यात आम्ही दोघं मावशींकडे जाऊन आलो. एक वर्ष उशिरानं. मी हसण्याबद्दल माफी मागितली तर त्या म्हणाल्या, "अवो भाऊ, दुधी व्हताच तसा." आणि चहा टाकायला उठल्या. चहा झाल्यावर वेल दाखवायला बाहेर घेऊन गेल्या. यंदा दोन धरलेत. दोन्ही पत्र्याच्या कडेवरून खाली मोकळे सोडलेत, आणि पडवळाला बांधतात तसा प्रत्येकाच्या टोकाला जुन्या लुगड्याच्या चिंधीनं एकेक दगड बांधलाय, सरळ वाढावा म्हणून. "आवंदा कुणी नाही हसायचं," त्या म्हणाल्या.

मीटिंग रविवारी साडेदहाला आहे.