पाच गुण नसलेल्यांचं म्हणणं आधी ऐका!

(संगणक शिकणारे विद्यार्थी, त्यांचे शिक्षक व पालक, आणि प्रोग्रामिंगची संकेतस्थळं चालवणारे, या सर्वांसाठी जाहीर पत्रक)



आपला नवापूर तालुका राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतला, म्हणजे आदिवासी भाग. इथे पेसा कायदा लागू आहे. संसदेने तो १९९६ साली केला, महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले, आणि आज एखाद्या पाड्यालाही स्वतःची वेगळी ग्रामसभा मागता येते. कायद्याचा गाभा सरळ आहे: ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होणार, त्याला आधी विचारा. आता समजा, ग्रामसभेच्या दारात कोणी उभा राहिला आणि म्हणाला, "आधी आतल्या कुणाकडून तरी शाबासकीची चिठ्ठी आणा, मगच तक्रार मांडा." आपल्या विसरवाडीत कोणी हे खपवून घेईल का?

प्रोग्रामरांच्या सर्वांत नावाजलेल्या चावडीवर मात्र हे वर्षानुवर्षं खपवून घेतलं गेलं. तिचं नाव स्टॅक ओव्हरफ्लो. जेफ ॲटवूड आणि जोएल स्पोल्स्की यांनी ती २००८ मध्ये सुरू केली. कोड अडला की जगभरचे लोक तिथे प्रश्न टाकतात आणि जाणकार फुकट उत्तरं देतात. प्रश्न-उत्तर लोकांना आवडलं की गुण मिळतात आणि गुणांवर अधिकार ठरतात. नवा माणूस एका गुणाने सुरुवात करतो. पंधरा गुण झाले की दुसऱ्याच्या उत्तराला पसंती देता येते. दुसऱ्याच्या उत्तराखाली "माझ्याकडे हे चाललं नाही" एवढं लिहायला पन्नास लागतात. प्रश्न बंद करण्याचं मत द्यायला तीन हजार, आणि अशा तिघांनी मत दिलं की प्रश्न बंद.

इथवर ठीक आहे. अधिकार कामातून मिळावा, याला आमची हरकत नाही. हरकत पुढच्या गोष्टीला आहे. हे स्थळ कसं चालावं, कोणती सोय हवी, कोणती नको, याची चर्चा करायला २००९ पासून 'मेटा' नावाचं वेगळं दालन आहे. तिथे तोंड उघडायलाही पाच गुण लागतात, असं नियमावली सांगते.

म्हणजे ज्याचा पहिलाच प्रश्न बंद झाला, ज्याला एकही पसंती मिळाली नाही, जो दारातच अडखळला, त्यालाच दाराबद्दल बोलता येत नाही. दार किती अरुंद आहे हे ठरवणार कोण? जे केव्हाच आत जाऊन बसलेत ते. कुणी म्हणेल, कंपनीला खासगी निरोप पाठवता येतो की. येतो. पण खासगी निरोप केराच्या टोपलीत गेला तर कुणाला कळणार? चारचौघांत मांडलेल्या म्हणण्याला उत्तर द्यावं लागतं, हा त्यातला फरक.

कुणी असंही म्हणेल, एक पसंती मिळाली की दहा गुण पडतात, पाचाचा एवढा बाऊ कशाला? बाऊ याच्यासाठी, की ज्याला ती एक पसंती मिळत नाही त्याच्याबद्दलच आपण बोलतोय.

आपला प्रश्न कसा असतो, ते पाहा

आपल्या भागातल्या पोराच्या घरी मावची किंवा कोकणी, शाळेत मराठी, बाजारात अहिराणी आणि गुजराती. इंग्रजी त्यानंतर. "मुलांचं इंग्रजी कच्चं" असं म्हणणाऱ्यांनी आधी हा हिशोब मांडावा. असा विद्यार्थी दुकानाच्या उधारीचा छोटा प्रोग्राम पायथॉनमध्ये लिहायला बसतो आणि एक ओळ लिहितो:

किंमत = १२

डावीकडचा 'किंमत' हा शब्द पायथॉनला चालतो. तिसऱ्या आवृत्तीपासून चलाचं नाव देवनागरीत ठेवायची मुभा आहे. उजवीकडचे १२ मात्र चालत नाहीत. 'अवैध अक्षर' म्हणून चूक येते. गंमत म्हणजे तेच १२ अवतरणचिन्हांत घालून 'इंट' या फंक्शनला दिले, की पायथॉन मुकाट्याने बारा समजतो. कारण असं, की प्रोग्रामच्या व्याकरणात संख्या लिहायला इंग्रजी आकडेच मान्य आहेत, पण मजकुरातून संख्या वाचताना हे फंक्शन देवनागरी आकडेही ओळखतं.

प्रश्न अस्सल आहे. गावातल्या दुकानदाराने खात्यात आकडे मराठीत लिहिले तर प्रोग्राम ते घेईल का, या खऱ्या गरजेतून तो निघतो. पण तो इंग्रजीत मांडताना आपला विद्यार्थी लिहितो, "सर प्लीज हेल्प, कोड नॉट वर्किंग, अर्जंट." त्या चावडीवर नमस्कार-चमत्कार आणि आभार काढून टाकायचा रिवाज आहे. मग उरतं काय? "कोड चालत नाही." यावर "तपशील द्या" असा शेरा पडतो, नापसंती पडते, प्रश्न बंद होतो. चांगला प्रश्न भाषेपायी मेला, आणि त्याचं उत्तर पुढच्या मराठी विद्यार्थ्यालाही मिळायचं राहिलं. तोटा एकाचा नाही.

ओरडल्यावर ऐकतात, हे सिद्ध झालंय

रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, ही म्हण इथेही लागू पडते. चांगल्या प्रश्नाच्या पसंतीला पूर्वी पाचच गुण होते आणि उत्तराच्या पसंतीला दहा. विचारणाऱ्याची किंमत निम्मी का? २०१९ च्या नोव्हेंबरात दोन्ही सारखे झाले. नवख्यांशी तिथे तुसडेपणाने वागतात ही तक्रार वर्षानुवर्षं होत होती. २०१८ मध्ये कंपनीनेच ती जाहीरपणे कबूल केली. त्याच तक्रारीच्या पोटातून पुढे नवख्याचा प्रश्न आधी आडोशाला तपासून, सुधारून मगच चव्हाट्यावर आणायची सोय निघाली. ती सर्वांसाठी सुरू व्हायला २०२४ उजाडलं. सहा वर्षं घोंगडं भिजत राहिलं, पण काम झालं.

उलटी उदाहरणंही आहेत. २०२१ मध्ये 'प्रोसस' कंपनीने हे स्थळ १८० कोटी डॉलरला विकत घेतलं. या किमतीतला मोठा वाटा लोकांनी फुकट लिहिलेल्या उत्तरांचा. डिसेंबर २०२२ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राने लिहिलेल्या उत्तरांवर तिथे बंदी आली, कारण ती दिसायला झकपक आणि आतून चुकीची निघत होती. मे २०२३ मध्ये कंपनीने देखरेख करणाऱ्या स्वयंसेवकांचे हात बांधले: यंत्राचा संशय आला म्हणून उत्तर काढायचं नाही. ५ जूनपासून स्वयंसेवकांनी संप केला. वाटाघाटी होऊन तो मिटायला ऑगस्ट लागला.

यातून आपण काय घ्यायचं? ज्यांच्याकडे हजारो गुण होते, वर्षानुवर्षांची सेवा होती, त्यांनाही म्हणणं ऐकवायला काम बंद पाडावं लागलं. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडलं नाही. मग एका गुणाच्या माणसाने एकट्याने कुजबुजून काय होणार?

तीन आक्षेप आणि त्यांची उत्तरं

पहिला आक्षेप: प्रोग्रामिंगची भाषा इंग्रजीच, वेगवेगळ्या भाषांत ज्ञान विखुरलं तर सगळ्यांचं नुकसान. २००९ मध्ये ॲटवूड यांनी हीच भूमिका घेऊन प्रश्न इंग्रजीतच हवेत असं धोरण मांडलं. पण त्याच कंपनीने पुढे २०१४-१५ च्या सुमारास पोर्तुगीज, जपानी, रशियन आणि स्पॅनिशमध्ये वेगळी स्थळं उघडली. त्यांच्यासाठी ज्ञान विखुरलं तर चालतं? २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाखांवर आहेत. कंपनीच्या वार्षिक सर्वेक्षणाला उत्तरं देणाऱ्यांत भारत नेहमी पहिल्या काही देशांत असतो. तरी भारतातल्या एकाही भाषेत तसं स्थळ नाही. सर्वेक्षणाला आम्ही चालतो आणि प्रश्नाला चालत नाही, हा कुठला न्याय?

दुसरा आक्षेप: दार सैल केलं तर कचरा साचेल. मान्य. कचरा साचू नये असं आम्हालाही वाटतं, कारण उत्तर शोधताना त्यातून वाट आम्हालाच काढावी लागते. पण प्रश्न नाकारणं आणि माणूस नाकारणं यात फरक आहे. "हा प्रश्न असा लिही" हे सांगणं म्हणजे शिकवणं. काही न बोलता शेरा मारून निघून जाणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं.

तिसरा आक्षेप सर्वांत नवा: आता कशाला हवी चावडी, मोबाइलमधल्या यंत्राला विचारा, ते मराठीत बोलतं. जरूर विचारा. पण तीन गोष्टी ध्यानात ठेवा. ते यंत्र जे शिकलं, त्यात याच चावडीवरच्या माणसांची उत्तरं आहेत. त्याने चुकीचं सांगितलं तर शेजारून "थांब, हे चूक आहे" म्हणणारा दुसरा जाणकार तिथे नसतो. आणि तुमचं त्याच्याशी झालेलं बोलणं तुमच्यापुरतंच राहतं. तोच प्रश्न खांडबाऱ्याच्या पोराला पडला की त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. चावडीवरचं एक उत्तर हजारांच्या कामी येतं.

घरचं एक चांगलं उदाहरण

शिकणाऱ्याला समोर ठेवून सोय कशी करावी, हे पाहायला सातासमुद्रापार जायला नको. पवईच्या आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प पाहा. सी, सी++, पायथॉन, लिनक्स यांवरचे छोटे दृक्-श्राव्य पाठ तिथे फुकट आहेत आणि कित्येकांचं निवेदन मराठीत आहे. पाठ पाहताना अडलं, तर प्रश्न विचारताना पाठातलं मिनिट आणि सेकंद निवडून दाखवता येतं. नेमकं कुठे अडलं हे सांगायला लांबलचक इंग्रजी लागत नाही. वेळ निवडली की झालं. ही सोय ज्याने सुचवली, त्याने वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या पोराचा विचार केला होता एवढं नक्की.

आमच्या मागण्या

प्रोग्रामिंगची संकेतस्थळं चालवणाऱ्या सर्वांकडे, देशी असोत की परदेशी, आमचं मागणं असं:

१. सूचना आणि तक्रार मांडायला गुणांची अट नको. खोडसाळपणा आवरायला दिवसाला एक सूचना अशी मर्यादा घाला, पण दार बंद ठेवू नका.

२. प्रश्न बंद करताना काय दुरुस्त केलं की तो पुन्हा उघडेल, हे एका सोप्या वाक्यात आणि विचारणाऱ्याच्या भाषेत सांगा.

३. मराठीत प्रश्न घ्या. उत्तर देणारे आम्ही पुण्या-मुंबईतून, जळगाव-धुळ्यातून उभे करू.

४. पान हलकं ठेवा. स्वस्तातल्या मोबाइलवर, कोंडाईबारी घाटातल्या अडखळत्या नेटवरही ते उघडलं पाहिजे.

५. आलेल्या प्रत्येक सूचनेचं काय झालं, हे तारखेसह जाहीर करा: घेतली, नाकारली की विचारात आहे. नाकारली तर का.

आणि आपण काय करायचं?

२९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले ते आपल्याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत. पंतप्रधान आले, देशभर गाजावाजा झाला. नवं तंत्रज्ञान नंदुरबारमध्ये सगळ्यांत आधी येऊ शकतं, हे त्या दिवशी सिद्ध झालं. मग त्याबद्दलचा आपला अभिप्राय सगळ्यांत शेवटी का पोहोचतो? एक कारण आपल्यातही आहे. विचारलं की आपण पाच तारे दाबून मोकळे होतो आणि घरी येऊन "काही कामाचं नाही" म्हणतो. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. जे खुपतं ते लिहून द्या.

लिहायचं कसं? "भंगार आहे" ही तक्रार नव्हे. चार गोष्टी सांगा: मी काय केलं, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं, आणि कोणत्या मोबाइलवर किंवा संगणकावर झालं. पडद्याचं छायाचित्र जोडा. मराठीत लिहा. असा मजकूर आला की "समजलं नाही" ही पळवाट उरत नाही.

शिक्षकांना विनंती: प्रात्यक्षिकाच्या तासाला विद्यार्थ्यांकडून एक तरी प्रश्न नीट लिहून घ्या आणि वहीत साठवा. स्टॅक ओव्हरफ्लोवरची उत्तरं मुक्त परवान्यात आहेत; मूळ लेखकाचं नाव देऊन आणि त्याच परवान्यात ठेवून ती मराठीत आणायला कायद्याची आडकाठी नाही. महिन्याला दोन आणली तरी वर्षाला चोवीस होतात. पालकांना विनंती: पोरगं मोबाइलवर आहे म्हणजे वाया गेलं असं धरू नका, काय विचारतोयस, कुणाला विचारतोयस, एवढं तरी विचारा.

मित्रांनो, चावडी परक्याची असली तरी तिथला माल सगळ्यांच्या घामाचा आहे, आणि उद्या त्यात आपलाही घाम असणार आहे. तेव्हा बोलण्याची परवानगी मागू नका. पत्रक वाचून झालं की खिशात घालू नका, पुढच्याच्या हातात द्या, आणि पहिली तक्रार आजच लिहा. आपल्या भाषेत, नेमकी, न घाबरता.

आपले,
संगणक शिकणारे आणि शिकवणारे काही जण
विसरवाडी, ता. नवापूर, जि. नंदुरबार